आशूला गहू चालत नाही

अजी, भांडण तुम्ही जिंकलात.

रिपोर्ट आला. आशूला गव्हाचाच आजार आहे. सीलिअॅक. आतड्याचा एवढासा तुकडा काढून तपासला आणि डॉक्टरने लिहून दिलं की याला गहू जन्मभर बंद. खाली सही, शिक्का. तुम्ही दीड-दोन वर्षं घसा फोडून जे सांगत होतात, तेच. रिपोर्ट हातात घेऊन घरात आले आणि तुम्हाला सांगायला तुमच्या खुर्चीकडे वळले, तर खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग. तेव्हा मला तुमचा जो राग आला, तो अजून उतरलेला नाही. माणूस भांडण जिंकतो तेव्हा त्याने समोर असायला पाहिजे ना? मी हरले ते कोणासमोर हरले?

गेलेला माणूस कुठंतरी बसून आपलं ऐकत असतो, यावर तुमचा विश्वास नव्हता. माझाही नाही. जलदानाच्या दिवशी भंतेजींनीही सांगितलं, जो गेला त्याला धरून ठेवू नका. मी धरून ठेवत नाही. पण आपलं बोलणं अर्ध्यावर राहिलं आहे, त्याचं काय करू? स्वयंपाकघरात भांडी आपटत मी तुमच्याशी बोलत राहते. परवा वर्षा भिलाईहून आली होती, तिने ऐकलं. म्हणाली, "मम्मी, लिख डालो. नहीं तो दिन भर हवा से लड़ती रहोगी." आपली पोरगी मराठी समजते सगळं, उत्तर मात्र हिंदीतच देते. तर लिहून राहिले. बऱ्याच वर्षांनी मराठीत लिहिते आहे, शुद्धलेखन तपासू नका.

तुमच्या भातापासून सुरू करते.

माझं पिशवीचं ऑपरेशन झालं आणि मी महिना-सव्वा महिना वर्ध्याला भावाकडे राहिले. जाणं तर भाग होतं, पण आशूचं कसं होणार म्हणून मी स्टेशनवरही रडत होते. पंचविशीतला मुलगा, पण बोलत नाही, भिंत धरून चालतो, अंगावरचं भान नाही. भूक लागली, तहान लागली, दुखलं, सगळ्याला त्याचा एकच आवाज, 'उंऽऽ'. त्या 'उंऽऽ'मधून काय ते आपण ओळखायचं. आणि पोट तर त्याचं कायमचंच बिघडलेलं. दिवसातून चार-चार वेळा धुवावं लागे. हातपाय काड्यांसारखे आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं. तोंडात फोड. मध्येच काय व्हायचं कोण जाणे, स्वतःचं मनगट चावायचा, मुठीने पोटावर मारून घ्यायचा. त्यासाठी डोक्याच्या डॉक्टरच्या गोळ्या सुरू होत्या. असा पोरगा तुमच्या हवाली करून मी गेले. तुम्हाला आयुष्यात चहाशिवाय काही करता येत नव्हतं.

तुम्ही म्हणालात, "भात तर शिजंल ना माह्याच्यानं?"

शिजला. रोज दोन्ही वेळा भात, वरण आणि टमाट्याची चटणी. पोळी लाटता येत नव्हती म्हणून पोळी नाही. बाहेरची आणली तर आशू चावत नाही म्हणून तीही नाही. मी फोन केला की विचारायची, "त्याला पोळी दिली का? नुसत्या भाताने अंगाला लागत नाही." तुम्ही म्हणायचात, "हो, हो, पाहतो." खरं तर नुसत्या भाताने ताकद येत नाही हे तुमचंच ब्रीद. सारं छत्तीसगड भातावर जगतं, आपल्या गल्लीतल्या बायका तांदळाचे चीले आणि फरे करून डब्यात घालून आणून देतात. पण आशूला मात्र तूप लावलेली पोळी पाहिजे, हा कायदा घरात तुम्हीच केला होता.

मी परत आले तेव्हा आशू फाटकाशी उभा होता. भिंत न धरता. गालावर मांस आलेलं. मला पाहून हसला आणि 'उंऽऽ' केलं, पण तो आवाज वेगळाच होता, गाण्यासारखा. मी त्याच्या अंगावरून हात फिरवला. पोट मऊ होतं.

मला आनंद झाला, असं मी सगळ्यांना सांगते. आनंद झालाच. पण मनात खुपलंही. आई नसताना पोरगा सुधारला! मग दुसऱ्या दिवशी सकाळी मी हौसेने पोळ्या केल्या, चांगल्या पदर सुटलेल्या. आशूने ताटाभोवती हात नाचवले. दोन आठवडे गेले नसतील, पुन्हा सगळं पहिल्यासारखं. पुन्हा बादल्या, पुन्हा मनगटावर दात.

 एक दिवस मी कणीक मळत असताना तुम्ही येऊन उभे राहिलात.

"सुमन, हा गव्हाने बिमार होते."

"गव्हाने कोणी बिमार होते का? सारी दुनिया खाऊन राहिली."

"दुनियेचं मले माहीत नाही. मी महिनाभर पोळी नाही दिली, याचं पोट नाही बिघडलं."

"म्हणजे माझ्या हातच्या पोळीत खराबी, अन् तुमच्या गिचक्या भातात अमृत?"

तुम्ही हसलात. मला हसू आलं नाही. पण त्या दिवसापासून पोळी बंद केली, हे तरी माझ्या बाजूने लिहून ठेवते. बिस्किट बंद, ब्रेड बंद, शिरा बंद. पंधरा-वीस दिवसांत पोरगा पुन्हा माणसात आला. तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. इतकी वर्षं त्याचं पोट बिघडलं की प्रत्येक डॉक्टर काय सांगायचा? "हल्का खाना दीजिए. दलिया दीजिए. टोस्ट दीजिए." आणि आपण आजारी पोराला गव्हाचा दलिया भरवत होतो. चमच्या-चमच्याने. लाडाने.

रायपूर राजधानी झालं तेव्हाची आठवण आहे का? आशूला खांद्यावर बसवून तुम्ही चौकातली रोषणाई दाखवायला नेलं होतं. परत येताना म्हणालात, "आता पाहजो, मोठमोठे दवाखाने इथंच येतील. नागपूरच्या गाडीत याले घेऊन धावाची गरज नाही." दवाखाने आले. काचेची दारं आली, लिफ्ट आल्या, पिण्याच्या पाण्याची थंड मशीन आली. आत बसलेला माणूस मात्र तेच एक वाक्य बोलायचा, "देखिए, ऐसे बच्चों में ये सब चलता है." जुलाब होतात? ऐसे बच्चों में होता है. रक्त कमी? ऐसे बच्चे ठीक से खाते नहीं. पोटावर मारून घेतो? ऐसे बच्चों का स्वभाव होता है. त्या 'ऐसे बच्चों'ला पोट असतं, पोटात आतडी असतात, आतडी दुखतात, एवढं कोणाच्या डोक्यात येत नव्हतं.

समता कॉलनीतल्या त्या पोटाच्या डॉक्टरकडे आपण गेलो तेव्हा तुमच्या डोक्यात सगळं पक्कं होतं. तुम्ही रेल्वेतल्या साहेबांसमोर बोलायचात तसे हात मागे बांधून बोललात, "सर, मुझे लगता है इसको गेहूँ से तकलीफ है." डॉक्टर तुमच्याकडे बघतही नव्हता. म्हणाला, "आजकल सब मोबाइल में पढ़ के आते हैं." तरी त्याने रक्ताची तपासणी लिहून दिली. रक्त काढायला आशूला चौघांनी धरलं. तो ओरडत होता आणि त्याच्यापेक्षा मोठ्याने ती नर्स ओरडत होती.

रिपोर्ट निगेटिव्ह आला.

"देख लीजिए. कुछ नहीं है. रोटी खिलाइए, कमज़ोर है."

मी तर मनातून सुटले. म्हटलं, आजार नाही, मग बरं झालं. आपण घरी गहू देणार नाही, विषय संपला. तुम्ही मात्र फाईल काखेत मारून एकटेच नागपूरला गेलात. तिथल्या डॉक्टरने तुम्हाला काय सांगितलं ते तुम्ही घरात शिरता शिरता चपलेसकट बोलायला लागलात.

"त्याने विचारलंच नाही, सुमन! एक सवाल. 'अभी गेहूँ खा रहा है क्या?' येवढंच विचाराचं होतं. गहू बंद करून सहा महिने झाले, मंग रक्तात काय दिसंल? खात असतानाच तपासावं लागते. आपण खाऊच घालत नव्हतो."

"मग आता?"

तुम्ही चपला काढल्या. पाणी प्यालात. मग सांगितलं, "आता पुन्हा खाऊ घालावं लागंल. रोज दोन पोळ्या. दीड-दोन महिने. अन् मंग तपासनी."

इथून आपलं भांडण सुरू झालं, ते तुम्ही जाईपर्यंत.

माझं म्हणणं मी आजही सोडलेलं नाही. जे पोरगं इतक्या वर्षांनी जरा सुखाने झोपतं आहे, त्याला मुद्दाम आजारी पाडायचं? कशासाठी? आपल्याला माहीत आहे ना? मग झालं. दुसऱ्या एखाद्याला सांगता तरी येतं, की बाबा रे, दोन महिने सोस, तपासणी आहे. त्याला काय सांगणार? त्याला एवढंच कळणार की आई ताटात वाढते आणि मग पोटात आग होते. तुम्ही म्हणायचात, "आपल्याले माहीत आहे, पण आपण किती दिवस?" मी म्हणायची, "अशुभ बोलू नका." तुम्ही म्हणायचात, "अशुभ नाही, हिशेबाचं बोलतो."

मग तुम्ही मला नव्या रायपूरकडच्या त्या संस्थेत घेऊन गेलात. नुसतं पाहून येऊ म्हणालात. मोठी जागा, झाडं लावलेली, आशूसारखी मोठी माणसं ओळीने जेवायला बसलेली. प्रत्येकाच्या ताटात रोट्या. तिथला मॅनेजर भला माणूस होता. तुम्ही त्याला गव्हाचं सांगितलं तर म्हणाला, "भैया, यहाँ सबका खाना एक बनता है. डॉक्टर लिख के दे दे तो हम अलग बनवा देंगे. माँ-बाप के बोलने से कैसे करें? हर माँ-बाप कुछ न कुछ बोलते हैं."

  परतीच्या बसमध्ये मी खिडकीतून ते रुंद रुंद रिकामे रस्ते बघत बसले. मला तुमचा राग येत होता, कारण तुम्ही मला आशूचं आपल्यानंतरचं ताट दाखवून आणलं होतं.

शेवटचं भांडण तुम्हाला आठवायला नको, मलाच आठवतं. तुम्ही म्हणालात, होळी झाली की सुरू करू. मी तवा खाली आदळला. "माझ्या हाताने मी त्याले जहर नाही घालणार. तुम्हाले एवढी हौस आहे तर तुम्हीच घाला."

तुम्ही म्हणालात, "घालीन."

आणि त्याच आठवड्यात आंघोळ करून खुर्चीवर बसलात, टॉवेल खांद्यावर होता, आणि गेलात. घालीन म्हणणारा माणूस असा जातो का? मला सांगा.

त्यानंतरचं तुम्हाला काहीच माहीत नाही, म्हणून ते सांगते.

पहिले काही दिवस आशू तुमच्या चपला उचलून दारापाशी नेऊन ठेवायचा. सकाळी तुम्ही त्याला बूढ़ा तालाबावर फिरायला न्यायचात, त्या वेळेला. चपला ठेवायचा, दाराकडे बघायचा, मग माझ्याकडे. मी चपला आत ठेवायची, तो पुन्हा आणायचा.

जलदानाच्या दिवशी घर भरलेलं होतं. वंदना झाली, भंतेजींचं भोजनदान झालं, पंगती बसल्या. मी प्रत्येकाला सांगितलं होतं, आशूला पुरी देऊ नका, त्याचा भात वेगळा झाकून ठेवला आहे. पण मी पांढरी साडी नेसून मधे बसलेली, बायका येऊन गळ्यात पडत होत्या, माझं लक्ष किती राहणार? मान वर केली तर आक्का, तुमची सख्खी मोठी बहीण, कोपऱ्यात आशूसमोर बसून त्याला पुऱ्या भरवत होती. भाजी लावून, घास करून. आणि तो हात नाचवत खात होता.

मी उठून धावले, ताट ओढलं. "आक्का, त्याले गहू चालत नाही!"

आक्का माझ्याकडे अशी बघत राहिली, जसं मीच काही पाप केलं. "अवो, इतक्याशानं काय होते? पोट्ट्याचा बाप गेला, बापाच्या नावाचं अन्न आहे, खाऊ दे ना त्याले. कोन्या डॉक्टरनं सांगतलं गहू चालत नाही म्हणून?"

कोणत्या डॉक्टरने?  कोणत्याच डॉक्टरने सांगितलं नव्हतं. डॉक्टरने लेखी सांगितलं होतं ते उलटंच.

दुसऱ्या दिवसापासून त्याचं सुरू झालं. इतके जुलाब की अंगात त्राण राहिलं नाही, डोळे आत गेले. वर्षाने आणि जावयाने उचलून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथला ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर, चांगला गोड बोलणारा. मी सांगितलं, बेटा, याने गहू खाल्ला आहे. त्याने फाईल चाळली. "अम्मा, गेहूँ का टेस्ट तो निगेटिव है." मग वर्षाकडून त्याला कळलं की घरात काय झालं आहे. त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सदमा लगा है इसको. पापा गए हैं न. ऐसे बच्चे बोल नहीं पाते तो शरीर से बताते हैं."

आणि सलाईनबरोबर त्याने झोपेचं इंजेक्शन लिहिलं.

अजी, मी त्या बाकावर बसून होते आणि मला हसावं की ओरडावं कळत नव्हतं. जन्मभर त्याचं दुखणं त्याच्या डोक्यावर ढकललं. आता तुमच्या मरणावर ढकललं. तुमचं मरणसुद्धा त्या पुरीला लपवायच्या कामी आलं. तिथेच माझं ठरलं. तुमचं पटलं म्हणून नाही. तुम्ही गेल्यावर पंधरवडाही झाला नव्हता, मी जिवंत होते, शेजारी उभी होते, तरी माझं कोणी ऐकलं नाही. मग मी नसेन तेव्हा कोण ऐकणार?

आशूला जरा उभारी आली तशी मी समता कॉलनीत गेले. एकटी. त्या डॉक्टरने मला ओळखलं नाही. मी फाईल पुढे ठेवली. "आपने जब खून की जाँच की, तब ये छह महीने से गेहूँ नहीं खा रहा था. आपने पूछा नहीं था."

त्याने फाईल पाहिली.  "तो आप क्या चाहती हैं?"

"मैं इसको खिलाऊँगी. आप जितना बोलेंगे उतना. फिर आप खून भी देखिए और दूरबीन से भी देखिए."

"बेहोश करना पड़ेगा. ऐसे बच्चों में रिस्क रहता है."

मला काय झालं माहीत नाही. मी टेबलावर हात आपटला. तुमच्यासमोर तवा आपटायची, तसा. "ये बच्चा नहीं है, डॉक्टर साहब. सत्ताईस साल का आदमी है. इसके पेट में दर्द है. आप पेट के डॉक्टर हैं."

बाहेरचे पेशंट आत डोकावले. डॉक्टरने चष्मा काढून पुसला आणि लिहायला घेतलं.

मग मी पोळ्या लाटल्या. तुम्ही घालणार होतात, त्या मी घातल्या. पहिल्या दिवशी आशूने पोळी पाहिली आणि इतका हरखला की ताट सांडलं. मी लहान लहान घास करून भरवले. तो माझ्या हातातून घेत होता, अगदी विश्वासाने, तोंड उघडून वाट पाहत होता. तुम्हाला ठाऊक आहे का तुम्ही मला काय करायला लावलंत? तुम्ही 'दीड-दोन महिने' असं एका दमात म्हणायचात. दीड-दोन महिने म्हणजे काय, ते मी केलं. सकाळी एक, संध्याकाळी एक. आधी पोट फुगलं. मग जुलाब. मग मनगट. मी मनगटाला ओढणी गुंडाळली तर ओढणी चावायला लागला. रात्रंदिवस तो 'उंऽऽ', आणि आता मला तो उंऽऽ नीट कळत होता, आधी कधी इतका कळला नव्हता.

एक दिवस त्याने तोंड मिटून घेतलं. मी घास पुढे केला, त्याने मान फिरवली. पुन्हा केला, त्याने हाताने माझा हात बाजूला सारला. जोरात नाही, हळूच. त्याला समजलं होतं. कोणी म्हणेल आशूला समजत नाही, तर माझ्याकडे पाठवा.

वर्षा तेव्हा इथेच होती. रडायला लागली. "बस करो मम्मी. बंद करो ये सब. पप्पा होते तो वो भी बंद कर देते."

मी म्हटलं, "तुझ्या पप्पाले ओळखत नाही तू."

पण मी तुम्हाला विचारते, केलं असतं का बंद? तुम्ही स्वतःच्या हाताने घास पुढे केला असता आणि त्याने असा हात सारला असता, तर तुमच्याने झालं असतं का पुढचं? मला वाटतं झालं नसतं. मला वाटतं तुम्ही ताट ठेवून बाहेर निघून गेला असतात आणि बाकीचे घास मीच घातले असते. हे तुमच्याकडून ऐकायचं होतं मला. हो म्हणा किंवा नाही म्हणा. आता दोन्ही नाही.

उरलेले दिवस मी पोळी वरणात कुस्करून, दिसणार नाही अशी करून दिली. फसवून. तेही सांगून टाकते.

तपासणीच्या दिवशी बेहोश करणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी आशूला नाव घेऊन हाक मारली. एवढ्या सगळ्यात एक तीच बाई, जिने आधी त्याला विचारलं आणि मग मला. "आशू बेटा, हाथ पकड़ूँ?" तो शांत राहिला. चौघांची गरज पडली नाही.

रक्तात आलं, आतड्यातही आलं. समता कॉलनीवाला डॉक्टर म्हणाला, "चलिए, पकड़ में आ गया." जसा काही कुठला चोर होता आणि यानेच पाठलाग केला. माफी वगैरे काही नाही. मी वाट पाहिली थोडी. मग उठताना म्हटलं, "मैंने नहीं पकड़ा. इसके पापा ने पकड़ा था." तो म्हणाला, "अच्छा? उनको भी बता दीजिए." फाईलमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं की तुम्ही गेलात. मी "जी" म्हणून बाहेर आले.

आक्काला फोन केला. ती म्हणाली, "मंग त्या दिवशी सांगतलं काहून नाही?" मी फोन ठेवून दिला. त्या संस्थेच्या मॅनेजरलाही दाखवून आले. त्याने वाचलं आणि म्हणाला, "अब कोई दिक्कत नहीं, दीदी. जब भी लाना हो." मला त्याला तिथे ठेवायचं नाही. पण न्यायची वेळ येईल तेव्हा त्याच्या ताटात रोटी पडणार नाही. हे तुमचं काम होतं, झालं.

आहाराची माहिती देणाऱ्या पोरीने एक यादी सांगितली. त्यात हिंग होता. दुकानातल्या हिंगात मैदा मिसळलेला असतो म्हणे. मी पोळी बंद करूनही त्याचं पोट अधूनमधून दुखायचं, ते यामुळे. मी फोडणीत हिंग घालत होते. तुमच्या वरणात हिंग नव्हता, कारण हिंग घालतात हेच तुम्हाला माहीत नव्हतं. या एका गोष्टीवर मी त्या पोरीसमोर इतकी हसले की तिला वाटलं बाई वेडी झाली.

आता खरं बोलायचं ते बोलते. रिपोर्टच्या दिवशी समता कॉलनीवाल्या डॉक्टरने कागदावर भरायला म्हणून विचारलं होतं, "ये तकलीफ कब से है?"  कधीपासून? शाळेने त्याला परत पाठवलं होतं, हा स्वतःला मारतो म्हणून, तेव्हापासून? वर्षाच्या लग्नात तो किंचाळायला लागला आणि मामाने त्याला वरच्या खोलीत नेऊन बसवलं, तेव्हा दुखत होतं का? की रांगायच्या वयात, पहिल्यांदा दुधात बिस्किट भिजवून दिलं तेव्हापासून? आपण ज्याला त्याचा स्वभाव म्हणत होतो, तो स्वभाव होता की पोटदुखी? हे आता कोणत्याच तपासणीत येणार नाही. मी डॉक्टरला सांगितलं, "पता नहीं." त्याने तेवढंच लिहिलं.

हे जगात फक्त तुमच्याशी बोलता आलं असतं. वर्षाशी नाही, भावाशी नाही. आपण दोघं ओट्याशी उभे राहून गप्प राहिलो असतो, तरी ते अर्धं झालं असतं. तुम्ही माझ्यावर सगळं टाकून गेलात याचा राग आहे, आणि तो राग आहे तोवर मला उभं राहता येतं, म्हणून कोणी शांत व्हा म्हणालं की मी ऐकत नाही. पण तुम्ही तो गिचका भात केला नसता तर आपला पोरगा असाच कण्हत राहिला असता, आणि आपण त्याला स्वभाव म्हणत राहिलो असतो. हेही तेवढंच खरं. तुम्हाला कधी म्हटलं नाही. म्हणायच्या ऐवजी तवा आपटला.

गहू बंद करून आता बरेच दिवस झाले. डोक्याच्या डॉक्टरने गोळ्या अर्ध्या केल्या आहेत. मनगटावरच्या जखमा वाळल्या, खुणा राहतील. आणि गेल्या आठवड्यात एक नवीन झालं. आशूचं जेवण झालं, मी ताट उचलायला वाकले, तर त्याने ताट धरून ठेवलं. सोडेचना. मला वाटलं हट्ट करतो आहे. मग त्याने ते ताट दोन्ही हातांनी उचलून कुकरच्या दिशेने सरकवलं आणि माझ्याकडे बघितलं.

सत्तावीस वर्षांत आशूने पहिल्यांदा अजून वाढ म्हणून मागितलं.

आता रोज मागतो. आत्ताही ताट वाजवून राहिला. जाते मी, भात वाढते त्याला.